जोडी कशाला म्हणावी?

तिसगावहून दहावीत शिकणाऱ्या एका मुलीचे पत्र आले आहे. तिसगाव म्हणजे पाथर्डी तालुक्यातले, मढीच्या कानिफनाथांच्या शेजारचे गाव. पत्र पोस्टकार्डाएवढेच आहे, पण त्यात प्रश्न तीन आहेत. पहिला असा, की इंग्रजीत ‘पेअर’ म्हणजे जोडी आणि ‘कपल’ म्हणजेही जोडी, तर एका गोष्टीला दोन शब्द कशाला? दुसरा असा, की कात्री एकच असताना इंग्रजीत तिला ‘पेअर’ का म्हणतात? आणि तिसरा प्रश्न तिने पत्राच्या शेवटी, जागा संपत आल्यावर बारीक अक्षरात लिहिला आहे. ‘माझे आईवडील ऊस तोडायला जातात. मुकादम दोघांना मिळून एक कोयता म्हणतो. मग तीही जोडीच का?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शब्दकोशात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर शब्दकोशात नाही. म्हणून वाचकहो, आज आपण सोप्याकडून अवघडाकडे जाऊ.

‘पेअर’ हा शब्द लॅटिन भाषेतल्या ‘पार’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ समान, सारखा. म्हणजे पेअर म्हणताना इंग्रज माणसाच्या मनात आधी सारखेपणा असतो. दोन मोजे, दोन चपला, कानातली दोन कुडी. एकासारखे दुसरे, आणि एकावाचून दुसरे कामाचे नाही. कात्रीला दोन पाती असतात, दोन्ही सारखी. एक पाते काढून ठेवले तर उरलेल्याने कापड कापत नाही. म्हणून कात्री झाली ‘पेअर ऑफ सीझर्स’. विजारीला दोन पाय, म्हणून ती ‘पेअर ऑफ ट्राउझर्स’. चष्म्याला दोन भिंगे, म्हणून तोही पेअर. आपण मात्र वस्तू हातात एक आली की एकच म्हणतो. कात्री एक, चिमटा एक, चष्मा एक. परीक्षेपुरते एवढे ध्यानात ठेवावे, की दोन कात्र्या म्हणायच्या असतील तर इंग्रजीत ‘टू पेअर्स ऑफ सीझर्स’ म्हणतात. तिथे पाती चार होतात, पण कात्र्या दोनच!

‘कपल’ची गोष्ट वेगळी. तोही लॅटिनमधूनच आला, पण ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ बंध, बांधणारी वस्तू. विहिरीवर मोटार बसवायला येणारा फिटर ‘कपलिंग’ म्हणतो ते याच घराण्यातले. मोटारीचा दांडा आणि पंपाचा दांडा जोडणारे ते कपलिंग. दोन दांडे सारखे असोत वा नसोत, बांधले गेले की झाले. तेव्हा पेअरमध्ये सारखेपणा बघतात आणि कपलमध्ये बांधिलकी बघतात. नवरा-बायकोला इंग्रजीत कपल म्हणतात ते म्हणूनच. दोघे सारखे असतीलच असे नाही, पण बांधलेले आहेत.

याच कपलचा आणखी एक अर्थ आहे. ‘ए कपल ऑफ डेज’ म्हणजे मोजून दोन दिवस नव्हेत; थोडे दिवस, एक-दोन दिवस. हे आपल्याला नवे नाही. ‘दोन घास खाऊन जा’ म्हटल्यावर पाहुणा खरोखर दोनच घास खाऊन उठला तर घरची बाई रागावेल. ‘दोन शब्द बोलतो’ म्हणून उभा राहिलेला पुढारी तासभर खाली बसत नाही. ‘दोन पैसे गाठीला बांधावेत’ यातले पैसेही दोन नसतात. दोन म्हणजे थोडे, हे गणित जगभरचे दिसते.

बैलांच्या जोडीला इंग्रजीत तिसराच शब्द आहे. ‘योक’. योक म्हणजे जू, आणि जुवाखालच्या दोन बैलांनाही योकच म्हणतात. गंमत अशी, की हा शब्द आपला भाऊबंदच आहे. संस्कृतात जुवाला ‘युग’ म्हणतात. त्याचेच मराठीत झाले जू. राधाकृष्णाचे युगुल म्हणतो ते याच कुळातले. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी पहिल्यांदा दोन बैल एका लाकडाखाली आणले, त्यांचा शब्द इकडेही राहिला आणि तिकडेही.

आता आपल्या घरात पाहू. मराठीत दोघांसाठी शब्दांची काय कमी? बैलांची जोडी, पायातले जोडे, नवरा-बायकोचे जोडपे, लक्ष्मी-नारायणाचा जोडा, बायकांच्या पायातली जोडवी, शाळेतले जोडाक्षर. एका वेळी दोन लेकरे झाली तर जुळी. दोन केळी एकमेकांना चिकटून आली तर जावळी. कुस्तीच्या आखाड्यात पंच जोड लावतात. सणावाराला नवरा-बायकोला बरोबर जेवायला बोलावले तर मेहुण. हा शब्द संस्कृतातल्या ‘मिथुन’वरून आला. शेतात उसाच्या किंवा कपाशीच्या दोन ओळी जवळ घेऊन मग मोठा पट्टा मोकळा सोडला तर जोडओळ. ठिबकची एकच नळी त्या दोन ओळींना पुरते.

या सगळ्या शब्दांत ‘दंपती’ हा शब्द मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दम म्हणजे घर आणि पती म्हणजे धनी. संस्कृतात एकवचन आणि बहुवचन यांच्या मध्ये द्विवचन असते, खास दोघांसाठी. दंपती हे द्विवचन आहे. त्याचा अर्थ घराचे दोन धनी. एक धनी आणि एक त्याची माणूस असा नव्हे. दोघेही धनी. मराठीत द्विवचन राहिले नाही. ते गेले तेव्हा व्याकरण सोपे झाले खरे, पण दोघांना दोघे म्हणून मोजायची एक सोय गेली.

जोडी म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवायला नको. बाजारात बैल घेताना आपण काय पाहतो? उंची जुळते का, चाल जुळते का, दोघांचा दम सारखा आहे का. उजवीकडे चालायची सवय लागलेला बैल डावीकडे जुंपला तर बावचळतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असे आपण म्हणतो तेही जोडीवरूनच. एक बैल दमदार आणि एक कच्चा असेल तर जाणता माणूस कच्च्याला मारीत बसत नाही. तो औताच्या दांडीची गाठ जुवाच्या मध्यापासून जराशी दमदार बैलाकडे सरकवतो. तिकडे ओझे वाढते आणि कच्च्याची बाजू लांब राहून त्याला हलके जाते. म्हणजे एका जुवाखालीही कोण किती ओढतो याचा हिशेब आपण वेगवेगळा ठेवतो.

ज्याच्याकडे एकच बैल, त्याचे काय? तो दुसऱ्या एकबैल्याला गाठतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. कुठे याला सावड म्हणतात, कुठे वारंगुळा. त्यातही बैल दोघांचे असतात आणि पाळी दोघांची असते. तुझा बैल माझ्या बैलाबरोबर चालला म्हणून तो माझा झाला, असे कोणी म्हणत नाही. काळ्या रानात लाकडी नांगर ओढायला पूर्वी चार बैली, सहा बैली जुंपणी लागे. तेव्हाही कोणाचे किती बैल आले हे गावाला तोंडपाठ असे.

बैलजोडीची ही पुण्याई राजकारणानेही ओळखली होती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसचे चिन्ह होते जू खांद्यावर घेतलेली बैलजोडी. लिहिता-वाचता न येणाऱ्या लाखो माणसांनी त्या चित्रावर मत दिले. १९६९ साली पक्ष फुटला आणि जोडीही मोडली. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे चिन्ह गाय-वासरू झाले. जोडी मोडली की चिन्हसुद्धा राहत नाही!

इथपर्यंत सरळ आहे. पण मराठीत ‘जोड’ या शब्दाला दुसरे एक अंग आहे आणि ते नीट पाहिले पाहिजे. जोडी म्हणजे बरोबरीचे दोघे. पण ‘जोड देणे’ म्हणजे मुख्य वस्तूला वरून काही लावणे. लुगड्याला जोड देतात, दोरीला जोड देतात. शेतीला जोडधंदा असतो. तिथे शेती मुख्य आणि जोडधंदा दुय्यम. शब्द एकाच खोडाचे, पण एकात दोघे शेजारी उभे आहेत आणि दुसऱ्यात एक उभा आहे आणि एक त्याला चिकटवलेला आहे.

आता घरात डोकावा. दोन गाई किंवा दोन शेळ्या दावणीला आहेत. पहाटे उठून शेण काढणे, धार काढणे, वैरण आणणे हे बहुतेक घरी कोण करते? दुष्काळात ज्वारी हाताला लागत नाही, तूर जळून जाते. अशा साली किराणा, औषध आणि पोरांच्या वह्या दुधाच्या पैशांवर निघतात. तरीही आपण म्हणतो, ‘मुख्य शेती आहे, दुधाची आपली जोड आहे.’ ज्या साली शेतीने काही दिले नाही आणि दुधाने घर चालवले, त्या साली जोड कोणाची कोणाला? आपण बाईला तोंडाने संसाराची जोडीदारीण म्हणतो, पण तिच्या कामाचा हिशेब मात्र जोडधंद्यासारखा मांडतो. शब्द जोडीचा आणि व्यवहार जोडीव कामाचा, अशी ही गोम आहे.

आता त्या मुलीचा तिसरा प्रश्न.

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ साली नाव बदलेपर्यंतचा अहमदनगर, हीदेखील एक विजोड जोडीच आहे. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे कालवे आणि ऊस. सहकारी साखर कारखानदारीचा पाया विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी घातला तो याच जिल्ह्यात. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड असे कोरडवाहू तालुके. पाथर्डीतही आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे, पण आभाळाकडे डोळे लावणारी जमीनच जास्त. म्हणून दसरा-दिवाळी झाली की इथली माणसे शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माणसांसारखीच कोयते घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोणी नगरच्या उत्तर भागात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी थेट कर्नाटकात.

या कामात माणसे मोजायचे माप म्हणजे कोयता. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. टोळीत किती माणसे असे कोणी विचारत नाही. किती कोयते असे विचारतात. एकटा माणूस निघाला तर तो ‘अर्धा कोयता’. पुष्कळदा पोराचे लग्न हंगामाच्या आधी घाईने उरकले जाते, त्याचे एक कारण हेही असते, की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता व्हावा. गाडीवाल्यांच्या तर दोन जोड्या असतात. एक बैलांची आणि एक माणसांची.

फडात काय चालते ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. पहाटेच्या अंधारात दोघे फडात उतरतात. ऊस तोडायचा, पाचट सोलायचे, वाढे कापायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. बाई मोळ्या बांधते आणि वाहते. पुष्कळ ठिकाणी तोडतेसुद्धा. पण बाईचा दिवस फडाच्या आधी सुरू होतो आणि फडानंतर संपतो. कोपीतली चूल, दुरून आणलेले पाणी, लेकराचे दूध हे कोणत्याच टनात मोजले जात नाही. मोजमाप होते उसाचे, आणि पैसे होतात कोयत्याचे. उचल घेताना अंगठा किंवा सही बहुधा पुरुषाची. ती फेडायला मात्र राबतात दोघे.

जोडीतले एक आजारी पडले आणि खाडा झाला, तर त्याची वजावटही कोयत्यावर पडते. बाईला अंगावर दुखणे काढावे लागते ते या खाड्याच्या धास्तीने. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या पुष्कळ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचे २०१९ साली गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाड्याची ही भीती त्यामागचे एक कारण म्हणून तेव्हा पुढे आली. एका मापाच्या शब्दाने माणसाच्या शरीरापर्यंत कुठवर जावे, याचा याहून वेगळा दाखला नको.

तेव्हा मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. काम पाहिले तर तुझे आईवडील जोडी आहेत, पेअरच्या अर्थानेही आणि कपलच्या अर्थानेही. दोघे बरोबरीने राबतात आणि एकमेकांना बांधलेले आहेत. पण मुकादमाच्या वहीत ती जोडी नाही. तिथे दोघांचा मिळून एक झाला आहे, आणि त्या एकाला नाव एकाचेच आहे. कात्रीची दोन पाती मिळून एक कात्री होते, तसे इंग्रजांनी निदान त्या कात्रीला पेअर म्हणून दोन्ही पात्यांची आठवण ठेवली. आपल्या कोयत्यात दुसरे पाते दिसतच नाही. आपण पोळ्याला दोन्ही बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावतो, दोघांना वेगळ्या नावाने हाक मारतो. मग माणसांच्या जोडीत एक नाव वहीबाहेर का राहावे?

यावर काहीच होत नाही असे मात्र नाही. दोघांची नावे कागदावर आणायच्या वाटा महाराष्ट्रात पूर्वीपासून निघाल्या आहेत. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेने शेतकरी बायकांचे मोठे अधिवेशन भरवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची हाक दिली. घरच्या लक्ष्मीचे ऋण मानून जमिनीचा तुकडा तिच्या नावे करा, असे ते सांगत, आणि कितीतरी शेतकऱ्यांनी ते केले. पुढे १९९२ साली सरकारनेही लक्ष्मी मुक्ती याच नावाने परिपत्रक काढले. नवऱ्याने आपणहून अर्ज दिला तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. २००३ साली ‘घर दोघांचे’ ही योजना आली, ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावे लावण्याची. ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे सरकारने २०२१ साली ठरवले. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आधी आईचे नाव, मग बापाचे नाव आणि मग आडनाव अशी सरकारी कागदांवर पद्धत आली.

यातले प्रत्येक काम एका फेरीत होत नाही हे खरे. तलाठी भेटत नाही, अर्जाचा नमुना मिळत नाही, घरातली वडीलधारी माणसे ‘कशाला हवे हे’ म्हणतात. पण एवढे तरी प्रत्येक घराला करता येईल. हंगामाला निघण्यापूर्वी उचलीचा कागद होईल तेव्हा त्यावर बाईचेही नाव घालायला सांगावे. उचल किती आणि फिटली किती याची स्वतःची वही ठेवावी. शाळेत जाणाऱ्या पोरीने ती लिहावी आणि आईबापांना वाचून दाखवावी. ओळखपत्रासाठी नोंद करताना नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी नोंद करावी. घराचा उतारा एकदा काढून त्यावर नावे किती आहेत ते पाहावे. सातबाऱ्याचा विचार नवरा-बायकोने चुलीपाशी बसून करावा. सासू-सासऱ्यांनाही त्यात घ्यावे, म्हणजे गैरसमज होत नाहीत.

दंपती या शब्दाचा अर्थ आपले पूर्वज घराचे दोन धनी असा करीत, हे घरोघर लग्नाच्या अक्षता टाकताना एकदा आठवावे. दोघांची नावे वेगवेगळी घेता आली, दोघांचे काम वेगवेगळे मोजता आले आणि तरी ओढ एकाच दिशेची राहिली, तर तिला जोडी म्हणावे. एवढे नसेल तर ती नुसती जोड.

वाचकहो, दोघांसाठी तुमच्या भागात आणखी कोणते शब्द बोलले जातात ते कळवा. विदर्भात वेगळे असतील, कोकणात वेगळे असतील, सीमेपलीकडे निपाणी-बेळगावकडे आणखी वेगळे असतील. माणसांचे, जनावरांचे, भांड्यांचे, औताचे, कोणतेही चालतील. शब्दाबरोबर तो कुठे आणि कसा वापरतात तेही लिहा. चांगल्या शब्दांना या जागेत पुढे आणू.